आईची कुंडी पालथीच होती

प्रिय लापो,

१. तीन नोव्हेंबरला तू आईची मोठी कुंडी रिकामी करून मागच्या अंगणात पालथी घातलीस.
२. डिसेंबरात अकरा दिवस पाऊस पडला.
३. सहा जानेवारीच्या पहाटे तापमान उणे नऊ होतं.
४. सकाळी सात वाजता बाबांना कुंडी दुभंगलेली दिसली. ती उभी होती.
५. सात तारखेला तू लिव्होर्नो बंदरावर कामाला निघून गेलास.

बाबांना मी एवढंच सांगितलं होतं. यातलं काहीही खोटं नाही.

इथे सगळं ठीक आहे. लिंबाची झाडं अजून काचघरात आहेत, दोन झाडांना कीड लागली होती, धुऊन काढली. शेजारच्या नेल्लाकाकू रोज विचारतात, "तुमचा बंदरवाला जिवंत आहे ना गं? का बोटीत बसून पळाला?" बाबा ऐकू न आल्यासारखं करतात. तुझी खुर्ची त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

त्या सकाळचं त्यांचं ओरडणं मला शब्दन् शब्द आठवतं. "क्रेन चालवणाऱ्याला मातीचं काय कळणार! पालथी घातली होती म्हणे. मग काय रात्रीतून कूस बदलली तिने?" तू दोनदा म्हणालास, "बाबा, शपथेवर सांगतो, घातली होती." मग माझ्याकडे पाहिलंस. मी खापऱ्या उचलत होते. काठाखाली आईच्या अंगठ्याचा ठसा असलेली खापरी मी खिशात घातली. ती माझ्या टेबलावर आहे.

आईने ती कुंडी शेवटच्या आजारपणात मातीच्या वळ्या रचून केली, भाजण्याची घाई केली. मी प्रयोगशाळेत तिचा एक टवका तपासला होता. आपल्या मातीने चार टक्के पाणी प्यावं, ही नऊ टक्के प्यायली. हा आकडा मी कुणालाच सांगितला नाही. आईचं काम कच्चं निघालं, असं बाबांना कोण सांगणार? म्हणून मी ठरवलं की मीच तिला वाचवेन. एकोणतीस डिसेंबरला, बाबा बाजारात असताना, मी दांडा लावून कुंडी उलटवून उभी केली, आत पेंढा भरला आणि खालून वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधला. हिवाळ्यात मागच्या अंगणात कुणी फिरकत नाही, म्हणून ते कुणाला दिसलं नाही.

पाऊस आदल्याच दिवशी थांबला होता. कुंडी ओली होती. तळाचं भोकही कागदाखाली गेलं. बाबा आपल्याला लहानपणापासून सांगत आले, कुंडीला थंडी मारत नाही, अडकलेलं पाणी मारतं. मी तेच पाणी बांधून ठेवलं. नऊ टक्के ठाऊक असताना.

सहा तारखेला मी साडेसहाला उठले, कुंडी दुभंगलेली पाहिली. कागद आणि पेंढा काढून भट्टीमागे टाकला. मग आत जाऊन कॉफी ठेवली.

बाबा पंचवीस एप्रिलला, लिंबाच्या कुंड्या काचघरातून बाहेर काढण्याच्या दिवशी, भट्टीची किल्ली, म्हणजे सगळा कारभार, मला देणार आहेत. म्हणतात, "हिच्या हातून काही फुटत नाही." ती किल्ली तुझी होती. आधी तुला कळावं म्हणून हे पत्र. वीस तारखेला, रविवारी, जेवणानंतर मी त्यांना सगळं सांगणार आहे, खापरी समोर ठेवून. तुझं उत्तर आलं नाही तरी सांगेन. माफी मी तिथेच, तू असलास तर तुझ्यासमोर मागेन. कागदावर ती मला सोपी वाटते.

तू त्या वेळी घरात असशील की नाही, एवढंच अठरा एप्रिलपर्यंत कळव.

तुझीच,
फिआम्मा