तिसऱ्या लाईनीचा उतार

जामखेड
८ डिसेंबर १९७२

प्रिय गिदोन,

रेबेकाला सांग, आजोबांनी तिची नाताळची गाडी जवळजवळ पुरी केली आहे. एका फळीवर तुझं अख्खं स्टेशन बसवलंय. सत्तावीस वर्षं मी तिथले रुळांचे सांधे बदलले, मापं घ्यायला कुठे जावं लागलं नाही. फळी लहान, वळणं आवळलेली, म्हणून इंजिनंही आखूड केली, आगपेटीएवढी. आधी एक लांब केलं होतं, ते वळणावर आडवं पडायचं. तुझी आई म्हणते, "लई झाला हा पोरखेळ, डोळं जात्याल तुमचं." पण चाकांसाठी जुन्या सदऱ्याची बटणं तीच काढून देते.

एक गोष्ट मात्र छळते आहे. तिसऱ्या लाईनीवर डबा ठेवला की तो आपसूक मेन लाईनीकडे चालू लागतो. वाटलं, फळी तिरपी असेल. परातीत पाणी घेऊन पाहिलं, फळी सरळ आहे. मग कळलं, आठवणीने मी तिथला उतारसुद्धा तसाच केलाय. रिकामा डबा थोडा तरी थांबतो. ज्वारीचे दाणे भरले की थांबतच नाही.

तेव्हापासून तुझं मागचं पत्र डोक्यात घोळतंय. दुष्काळासाठी परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीचे भरलेले डबे आता त्याच लाईनीवर उभे असतात, आणि सांडलेले दाणे वेचणाऱ्या बाया दुपारी डब्यांखालीच बसतात. त्यातली कडूबाई तुला म्हणाली, "सावलीला बसतोय भाऊ, तुमचं काय जातंय?" वाचताना मी हसलो होतो. आता तेच डबे त्यांच्यावरून चालू लागलेले दिसतात.

त्या लाईनीवर आम्ही नुसत्या ब्रेकवर कधी विसंबलो नाही. चाकाखाली बाभळीचा ठोकळा लावायचो. तो मीच घरच्या लाकडाचा केलेला, कुठल्या नियमात नाही की यादीत नाही. निवृत्तीच्या दिवशी आपली वस्तू म्हणून पिशवीत टाकून घरी आणला. तुला त्याबद्दल एका शब्दाने बोललो नाही. गेल्या महिन्यात तोच कापून या खेळण्याचा फलाट केला.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. लाज वाटली, म्हणून खेळण्याच्या गप्पा मारत बसलो. माझे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत, म्हणून पत्र सकाळच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे. बाया सावलीला येण्याआधी पोचावं, एवढीच प्रार्थना. आजही डबा अकरा वेळा सोडून पाहिला, अकराही वेळा गेला. पत्र खाली ठेव, गिदोन, आणि पळ. आधी बायांना उठव, मग चाकांखाली धोंडे लाव.

तुझाच,
बाबा