शालूबाईंची सावली

मुलींचं वसतिगृह, कोल्हापूर
मे २००१

तीर्थस्वरूप आत्तीस,

दीक्षाचा सविनय जयभीम. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी मांडी घालून बसू नको म्हणून सांगितलंय तरी तू बसतेसच, असं आई फोनवर म्हणाली. मामांच्या खोकल्याचंही कळव. माझी तब्येत ठीक आहे, म्हणजे हातपाय जागेवर आहेत आणि वजन वाढलंय. बाकी मी दमलेय. अभ्यासानं दमले असते तर अभिमानानं सांगितलं असतं. पण मी दमलेय ती दुसऱ्याच कुणाची तरी आई सांभाळून. या उन्हाळी विज्ञान शिबिराची जाहिरात पेपरातून तूच कापून आणलीस, "महिनाभर विद्यापीठात राहा, शिरोळच्या बाहेरचं जग बघ," असं तूच म्हणालीस, तेव्हा हे सगळं ऐकणंही तुलाच भाग आहे.

माझ्या खोलीत राजनंदिनी नावाची मुलगी आहे. घर मंगळवार पेठेत, वडिलांचा दुधाचा धंदा. म्हणजे मी शिरोळहून एसटीनं ट्रंक घेऊन आले आणि ही रिक्षानं. तरी घरची आठवण हिलाच आली. पहिल्याच संध्याकाळी मेसमधली चपाती बघून तिनं रडायला सुरुवात केली (चपातीच्या बाबतीत मी तिला दोष देत नाही). मग वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन आमच्या घराची टाकी दिसते का बघतो, म्हणाली. तशा टाक्या शेकड्यानं दिसत होत्या. एकीकडे बोट करून ती हुंदके देत राहिली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटी मीच तिला गेटजवळच्या एसटीडी बूथवर घेऊन गेले आणि घरी फोन लावायला सांगितला. आत्ती, इथं मी चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई हजर. शालूबाई नाव. डोक्यावर पदर, हातात चार खणांचा डबा, शिवाय तांबड्या रश्श्याची वेगळी किटली. तेव्हा आमचं व्याख्यान सुरू होतं. पोरीला बाहेर बोलावता येणार नाही, असं आकाराम शिपायांनी सांगितलं. बाहेर ऊन असं की झाडावरचे मोरसुद्धा व्हरांड्यात येऊन बसलेले. आकारामना दया आली आणि त्यांनी शालूबाईंना मागच्या बाकावर पंख्याखाली बसवलं. तो बाक माझा होता. त्यांनी किटली माझ्या पायाशी ठेवली, पदरानं वारा घेतला आणि फळ्याकडे बघत बसल्या.

शिकवायला पुण्याहून आलेले खगोलशास्त्राचे सर होते. (भला माणूस. आमच्या कोल्हापूरच्या मुली "मी येतो, मी जातो" म्हणतात तेव्हा सर अजूनही मागं वळून मुलगा शोधतात.) चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, असं ते सांगत होते आणि आम्ही सगळे मान खाली घालून उतरवून घेत होतो. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "मग त्येची पाठ कुणाला दिसती?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून त्यांनी ते सगळं पहिल्यापासून समजावलं, एका मुलाला पृथ्वी केलं आणि दुसऱ्याला त्याच्याभोवती फिरवलं. शालूबाई कुठल्या तरी शाळेतल्या शिक्षिका असाव्यात आणि शिबिर बघायला आल्या असाव्यात, असा त्यांचा समज झाला. तो कुणी दूर केला नाही. मी तर नाहीच, कारण तोवर किटलीचा वास माझ्यापर्यंत पोचला होता.

तेव्हापासून शालूबाई रोज यायला लागल्या. डबा मोठा होत गेला, कारण आमचा अख्खा मजला त्यावर जेवायला लागला. आणि सगळ्यांच्या वाट्याचं शिकवणं माझ्या गळ्यात पडलं. शालूबाई तासाला जे कळलं नाही ते जेवताना विचारत, जे जेवताना कळलं नाही ते भांडी विसळताना. गुरुत्वाकर्षण मी त्यांना नळापाशी शिकवलं. राजनंदिनीचं रडणं मात्र बंद झालं. तिला बॅडमिंटन सापडलं, मैत्रिणी सापडल्या, आणि आई रोज येते याची लाज वाटायला लागली.

"आई, तू माझ्यासाठी येतीस का चंद्रासाठी?" तिनं एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

शालूबाईंनी तिच्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "आदी तुझ्यासाठी येत हुतो."

मग प्रकल्प आले. पाण्याच्या टाकीची उंची टाकीवर न चढता मोजायची. काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, टाकीची सावली मोजायची आणि त्रैराशिक मांडायचं. राजनंदिनी माझ्या गटातून उठून बॅडमिंटनवाल्यांच्या गटात गेली. तेव्हा माझ्या गटात मी, काठी आणि शालूबाई. सकाळी व्याख्यानं, संध्याकाळी प्रयोगशाळा, मोकळा वेळ काय तो भर दुपारचा, म्हणून आम्ही भर दुपारी गेलो. मी टेप सोडला, शालूबाईंनी काठी उभी धरली, आणि काठीला सावलीच नव्हती. मी काठी तपासली. काठी आणखी काय तपासणार, तरी तपासली. तेवढ्यात शालूबाईंनी खाली बघितलं.

"दीक्षा, माझी सावली कुठं गेली गं?"

त्या मटकन खालीच बसल्या. ज्याची सावली दिसत नाही तो सहा महिनेसुद्धा काढत नाही, असं त्यांच्या सासूनं सांगून ठेवलेलं. धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, मावशी, घाबरू नका, हे बघा, माझीपण नाही. आत्ती, याहून वाईट काही बोलता आलं नसतं. स्वतःचं सोडून त्यांनी मलाच पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "तुझं तर आजून काय बी बघून झालं न्हाय." एवढ्या उन्हात मी त्यांच्या पदरात घामाघूम होऊन बसले होते, आणि खरं सांगते, क्षणभर मलापण भीती वाटली. बी.एस्सी.चं एक वर्ष झालं असलं तरी सावली आपली असते.

मी सरांना बोलावून आणलं. सर जेवता जेवता उठून टोपी न घालता पळत आले, आणि मग सगळ्या वर्गाला उन्हात बोलावलं. आपल्या गावात वर्षातून दोन वेळा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा सावली पायाखाली जाते, असं त्यांनी चेंडू आणि टाचणी घेऊन दाखवलं. शालूबाईंनी टाचणी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली.

"म्हंजे मी मरत न्हाय?"

"या कारणानं नाही," सर म्हणाले.

"मी जलमापासनं ह्याच गावात ऊन खातो," त्या हळूच म्हणाल्या. "एवढं कुणी सांगाय नको व्हय?"

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेत त्यांच्या गल्लीतल्या बायकांनी भर दुपारी रस्त्यात मुसळं उभी करून बघितली, असं राजनंदिनीच सांगत होती. लाजत सांगत होती, पण सांगत होती.

सरांना इतका आनंद झाला होता की शिबिराचे संचालक आले तेव्हा त्यांनी शालूबाईंचं भर वर्गात कौतुक केलं. संचालकांनीही हसून विचारलं, बाई, आपली शाळा कुठली? आम्ही सगळे बाकांकडे बघायला लागलो. शालूबाई उभ्या राहिल्या. "मी कुठल्याच शाळंतली न्हाय. सातवीनंतर शाळा सुटली. पोरीला डबा आणतो." संचालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त नियम सांगितला. नाव नोंदवलेलं नसलेल्या माणसाला सभागृहात बसू देता येत नाही. शालूबाईंनी "व्हय" म्हटलं, रिकामी किटली उचलली आणि पदर सारखा करत निघून गेल्या.

त्यानंतर डबा घेऊन रिक्षावाला यायला लागला. डबा तोच, चव तीच, पण मजल्यावर कुणी धड जेवेना. राजनंदिनी परत रडायला लागली. मी दमून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, आता काय, परत गच्चीवरून तुमच्या घराची टाकी बघायची? तर ती म्हणाली, "आई घरात कुणाशी बोलंना. चूल सोडून कुठंच बघंना." आणि तशीच उठून संचालकांकडे गेली. मी दाराबाहेर उभी होते. आईला बसू देणार नसाल तर मीपण घरी जातो, एवढंच तिनं सांगितलं. संचालक म्हणाले, बाळ, सभागृहाचा नियम मला मोडता येत नाही.

हे सरांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, नियम सभागृहाचा आहे ना? आणि उरलेली सगळी व्याख्यानं त्यांनी गेटजवळच्या मोठ्या चिंचेखाली ठेवली. फळा आकारामनी डोक्यावरून वाहून आणला. राजनंदिनीनं स्वतः फोन करून आईला बोलावून घेतलं, आणि त्या आल्या तेव्हा सरकून आपल्या शेजारी जागा दिली. तिथं मुंगळे होते, गरम वारा होता, धुळीनं वह्या लाल झाल्या. माझं नाक सोललंय. पाठ धरलीय. संचालक रोज जाता जाता तिथं थांबायचे, शेवटी एक दिवस तेपण खुर्ची घेऊन बसले. टाकीची उंची आम्ही सकाळी लवकर जाऊन मोजली आणि ती बरोबर आली.

आता शिबिर संपत आलंय. मला घरी येऊन नुसतं झोपायचंय. कुणी मला काही विचारू नये, अशी आईला ताकीद दे. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना जयभीम, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
दीक्षा

ता. क. एक काम आहे. तुझ्या शाळेतून बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मिळतो, तो पाठव. शालूबाईंना हवाय. शिबिर संपलं की डबा संपला, आणि डबा संपला की घराबाहेर पडायचं निमित्त संपलं, म्हणून घाई आहे. त्यांच्या मालकांना अजून सांगितलेलं नाही. ते राजनंदिनी सांगणार आहे. गणित मी शिकवणार आहे, दर रविवारी, शिरोळहून येऊन. हो म्हटलं तेव्हा मी शुद्धीत होते.

ता. क. दुसरा. फॉर्म दोन पाठव. दुसरा आईसाठी. तिला मी विचारलेलं नाही, तू विचार. मी विचारलं तर म्हणेल, मग भाकऱ्या कोण थापणार. तू तिची नणंद आहेस, तुझ्यापुढं तिला भाकरीचं नाव काढता येणार नाही.