नथूची सव्वा मूठ

आत्याबाई,

हे काही बरं केलं नाहीत तुम्ही. सगळ्या भाऊबंदांच्या देखत कानबाईचा नारळ माझ्या ओटीत घातलात, आता मोठी सून करील म्हणालात, आणि खरी अडचण होती ती तशीच ठेवून मोकळ्या झालात. मी विचारू कोणाला? तुमच्या मोठ्याला? त्यांना विचारलं की तंबाखू मळत बसतात. तंबाखू संपते, उत्तर येत नाही.

नागपंचमी झाली. येत्या रविवारी कानबाई बसेल, तुमच्यावाचून पहिलीच. रोटाचे गहू काढायला बसले आणि हात थांबला, म्हणून हे लिहिते. दोन इयत्ता शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे. तुम्हाला तसंही वाचता येत नव्हतं, तिकडे कोणाकडून तरी वाचून घ्या.

घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ गहू. त्याचेच देवीच्या नैवेद्याचे रोट, आणि ते घरच्यांनीच खायचे. बायकांची मूठ नसते. लग्न होऊन आले तेव्हा मी विचारलं होतं, आमची का नाही? तुम्ही म्हणालात, बाईनं मोजायचं नाही, दळायचं. बरं. इतकी वर्षं दळलं. पण ज्याला कोणी मोजत नाही त्याला कोण गाळला गेला ते लगेच दिसतं, आत्याबाई.

एका उन्हाळ्यात महारवाड्यातली विहीर आटली. तुमच्या धाकट्याने, नथूभाऊजींनी, आपल्या मळ्यातल्या विहिरीवर तिथल्या बायकांचे हंडे भरून दिले. दुसऱ्या दिवशी दोरच त्यांच्या हातात दिला. गावात बोभाटा झाला, पण पंच अजून बसायचे होते. त्यांच्या आधी तुम्हीच त्या श्रावणात भाऊजींची मूठ गाळलीत! ते ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी पाहिलं. आणि मग ते बोलू नये ते बोलले.

म्हणाले, "उपाशी बाईला घास दिला म्हणून जी लेकरू मारते, ती कानबाई माय कसली?"

तुम्ही सूप खाली ठेवलंत आणि आत गेलात. भाऊजी त्याच आठवड्यात तळोद्याला लाकडाच्या वखारीत कामाला लागले. लोक म्हणाले, म्हातारी कडक. मला ठाऊक होतं, म्हातारी घाबरली आहे.

कारण ते तुम्हीच मला एकदा जात्यावर सांगितलं होतं. नथूभाऊजींच्या वरचा तुमचा मधला. कानबाईच्या दिवसांत दारात एक उपाशी बाई आली, तुम्ही तिला रोटाचा तुकडा दिलात, आणि पुनवेच्या आत तुमचं पोर तापाने गेलं. तेव्हापासून तुम्ही रोट झाकून ठेवायला लागलात; भाऊजींनीही ते लहानपणी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. मी म्हटलं, आत्याबाई, त्या साली ताप सगळ्या गावात होता. शेजारच्यांनी कुणाला घास दिला नव्हता, त्यांचीही पोरगी गेलीच की. तुम्ही जातं थांबवलंत.

"तुन्हा पोऱ्या गया का? नही ना? मंग चूप दय."

मी चूप दळलं.

आणि तुमच्या लेकाचं म्हणाल तर पाणी देण्याचं खूळ त्यांनीही पोथीतून आणलं नव्हतं. तळोद्याच्या बाजारात भेटले तेव्हा मी त्यांना चांगलं झापलं. आईच्या मेलेल्या पोरावर पाय दिलात, लाज नाही वाटली? त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, वहिनी, सत्याग्रहात धुळ्याच्या तुरुंगात होतो तेव्हा मला हगवण लागली. अंगावरचं धुवायला कोणी जवळ येईना. एकाने धुतलं, पाणी पाजलं. त्याची जात मला बरं झाल्यावर कळली. आता त्याच्याच जातीच्या बायकांना विहिरीवर नको म्हणू?

आता मला सांगा, ह्यात खोटं कोण? धर्म आणि शास्त्र म्हणून तुम्ही मायलेक भांडलात, आणि दोघांच्याही पोटात एकेक आजारी माणूस होतं. ते सांगायचं सोडून दोघांनी दारं लावून घेतली. तुम्ही मला सांगितलंत, त्यांनी मला सांगितलं, आणि एकमेकांशी बोलायला मात्र तुम्हाला कमीपणा वाटला. मधे मी काय टपालवाली होते?

शेवटच्या दुखण्यात तुम्ही पाणीसुद्धा मागत नव्हतात. पण एकदा डोळे उघडून मला विचारलंत, "नथ्या जेवना का?" मी म्हटलं, हो, जेवले. ते तर तळोद्याला होते. तुम्हाला काय हवं होतं, आत्याबाई? नुसती चौकशी होती, की त्याला पानावर बसव म्हणत होतात? तेवढं एक वाक्य पुढे बोलला असतात तर आज मला एवढं लिहावं लागलं नसतं.

तुम्ही गेल्याचं कळल्यावर ते पायी आले. विहीर बाटवली म्हणत भाऊबंदांनी खांदा देऊ दिला नाही. नदीकाठी बाभळीखाली परक्यासारखे उभे होते.

काल तुमचे थोरले चुलतदीर, गोविंदआबा, येऊन बजावून गेले. त्याची मूठ पडली तर सोमवारी विसर्जनाला कानबाई नदीवर न्यायला आमच्यातलं कोणी येणार नाही. मी म्हटलं, नका येऊ, माझं डोकं शाबूत आहे, मी घेईन डोक्यावर. आबा म्हणाले, डोकं शाबूत असतं तर हे बोलली नसतीस. तुमचा मोठा हसला. तंबाखू मळतानाच, पण हसला.

तोंडाने मी मोठी आहे, पण भीती मलाही वाटते. उद्या माझ्या पोराचं अंग तापलं तर गाव माझ्याकडे बोट दाखवील. गावाचं मी बघून घेईन. पण पोराच्या कपाळावर हात ठेवून मीही त्या मुठीशी संबंध लावायला लागले तर? तुमचंही असंच झालं असेल. म्हणून तुम्हाला मी कधी वेडी म्हटलं नाही, आणि कोणी म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही.

तरीपण ऐका. नथूभाऊजींची मूठ मी टाकणार. बाजाराच्या गाडीवाल्याबरोबर त्यांना निरोप धाडला आहे, रविवारी जेवायला या, आणि आईविषयी वाकडा शब्द काढलात तर पानावरून उठवीन. बाकी सगळं तुमच्याच रीतीने होईल. रोट पुनवेच्या आत संपतील, बाहेरच्याच्या हाती जाणार नाहीत. हे माझं वचन. फक्त बाहेरचा कोण, ते ह्या घरात आता मी ठरवणार.

तुम्हाला हे पटत नसेल तर शनिवारी दिवे लागायच्या आत सांगा. स्वप्नात या, कोणाच्या अंगात या, कशाही या. पण गोविंदआबांच्या तोंडून निरोप नको, तुमचं उत्तर तुम्हीच द्या. गप्प बसलात तर मी हो समजेन.

वाट बघते.

तुमची मोठी सून
हिरकन