काटा दीडशेलाच थांबतो

९ फेब्रुवारी २०२४

सरकारला माझी काळजी वाटू लागली आहे! आज शाळेत परिपत्रक आलं — स्थूलता प्रतिबंध व उपचार मोहीम. रोज तासभर चाला, भरपूर पाणी प्या, लिफ्टऐवजी जिना वापरा. आमच्या गारखेड्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. पाइपलाइनसाठी रस्ता उकरून ठेवलाय. बिल्डरनं लिफ्टसाठी नुसता खड्डा सोडलाय. म्हणजे जिन्याच्या बाबतीत तरी मी सरकारच्या दोन वर्षं पुढे आहे.

मुख्याध्यापकांनी परिपत्रक सगळ्यांसमोर वाचलं आणि दर वाक्याला माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली. शेवटची ओळ मात्र डोक्यात राहिली — गरजूंना वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात मोफत.

११ फेब्रुवारी

आई म्हणते, "जाच रत्ने. झोपंत तुझा दम अडकतो. मी काठीनं ढोसते तवा परत सुरू व्हतो."

वेरूळकडची आमची विहीर आटली, भाऊ मेंढरं घेऊन पाण्याच्या मागे गेला, म्हणून आई यंदा माझ्याकडे. गल्लीतल्या डॉक्टरनंही सांगितलं होतं — एखाद्या दिवशी थांबलेला श्वास सुरू होणार नाही. भीती वाटते. दुष्काळाचा माझ्यावर एवढा एकच उपकार, की ढोसायला घरात माणूस आलं.

१३ फेब्रुवारी

शाळेतून रजा काढून दवाखान्यात. स्थूलता विभाग! दारावर झेंडूची माळ, आत हात असलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बसले असते तर खुर्ची अंगावर घेऊनच उठले असते. उभीच राहिले.

मग काटा. काटा दीडशेपर्यंतच जातो. मी चढले तर आकडा नाही, नुसत्या रेघा. डॉक्टर हिमांशू — कोवळा मुलगा, कानांपर्यंत लाल झाला — म्हणाला, "मॅडम, वजनाचा आकडा टाकल्याशिवाय मंजुरी येत नाही. नव्या काट्याची मागणी गेलीय." म्हणजे जाड माणसांसाठी योजना आहे, फक्त फार जाड असून चालत नाही!

कारकुनाची सूचना: "मोंढ्यात आडतीच्या काट्यावर जा ना." ज्वारीच्या दोन पोत्यांमध्ये मी. भाव काय लागला असता कोण जाणे.

माझ्यानंतर एक पोरगी काट्यावर चढली. तिच्याही रेघा. उस्मानपुऱ्याची सुकेशनी, चोवीस वर्षांची, घरी बसून कॉम्प्युटरवर कामं करते. दम तिचाही अडकतो. मला म्हणाली, "ताई, आपण दोघी सरकारच्या हिशोबातच नाय की!" आणि खळखळून हसली. मग दोघी बराच वेळ हसलो. चांगली पोरगी आहे.

२१ फेब्रुवारी

फोन केला. मागणी गेलेली आहे.

२८ फेब्रुवारी

मागणी अजून जातेच आहे. चालण्याचा व्यायाम करत असावी.

४ मार्च

आज जागतिक स्थूलता दिन. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

काट्याची चौकशी करायला आईला घेऊन गेले, तर दवाखान्याच्या आवारात मंडप. मोहिमेचे अध्यक्ष काकासाहेब. आणि कार्यकर्त्यांनी प्रेमापोटी ठेवली त्यांची — पेढेतुला! मोठा तराजू, एका पारड्यात काकासाहेब मांडी घालून, दुसऱ्यात पेढे. कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. काकासाहेब पारड्यातून उतरले, माइक घेतला आणि म्हणाले, "साखर म्हणजे विष!" टाळ्या. मग विष वाटलं. मी दोन घेतले.

डॉक्टर हिमांशू एकदा तराजूकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. मी ओळखलं. म्हटलं, "नाही."

"मॅडम, मंडपवाला तासाभरात नेईल. मी सही करतो, माझी जबाबदारी."

वजनं कुठून आणणार? पेढे तर पोटात गेलेले. त्यानं कार्यक्रमासाठी आणलेले पाण्याचे जार गोळा केले. वीस लिटर म्हणजे वीस किलो, अधिक रिकाम्या जारचं वजन. पळून जावंसं वाटलं, पण पळता आलं असतं तर मी तिथं कशाला असते?

बसले. गर्दी जमली, मोबाइल वर झाले. एक जण ओरडला, "अबे, रस्सी टूटेगी!" फिदीफिदी सगळीकडे. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात आई पुढे आली. कनवटीची कुंकवाची डबी काढून माझ्या कपाळाला बोट लावलं, मग एकेका जारला. आणि वळली गर्दीकडे — "दात काय काढता रं? पुढाऱ्याची तुला केली तवा टाळ्या, अन् माझ्या लेकीला हसता व्हय?"

मोबाइल खाली झाले. आठव्या जारला माझं पारडं उचललं. डॉक्टरनं लिहिलं — एकशे सहासष्ट.

शिपाई जार परत न्यायला आला तर आई आडवी. "तुलेचं माघारी न्यायचं नसतं. वाटायचं असतं." वाटलं! फाटकाबाहेर विकत पाणी घेणारे पेशंटचे नातेवाईक बाटल्या, कळशा घेऊन धावले. 'रस्सी टूटेगी' ओरडणारा दोनदा बाटली भरून घेऊन गेला. मला रडू आलं. वजनाचं इतकं चांगलं काही झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सुकेशनी खांबाआड उभी होती. म्हटलं, "चल, बस पटकन, रिकाम्या जारमध्ये पाणी भरून घेऊ." मान हलवली. "नाय ताई. तुमच्यासंगं तुमची आई हाय. माझा व्हिडिओ निघाला तर गल्लीत राहणं मुश्कील हुईल. नवा काटा आला की करते ना."

डॉक्टरनं दोनदा समजावलं. मंडपवाल्यानं तराजू सोडला.

९ मार्च

मंजुरी आली! पाच दिवसांत! आचारसंहिता तोंडावर असली की सरकारचीसुद्धा चरबी झडते. ऑपरेशन बावीस तारखेला.

माझा व्हिडिओ शहरभर फिरतोय. शाळेच्या ग्रुपवर आधी हसरे चेहरे, मग कुणीतरी हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले. सुकेशनीचा फोन — "पाहिला ताई. बरं झालं मी नाय बसले." झोप खुर्चीतच काढते म्हणाली. आडवं झालं की जीव घाबरतो. म्हटलं, आईला सांग जवळ झोपायला. तिची आई रात्रपाळीला असते.

१५ मार्च

नवा काटा आला. तीनशेपर्यंत जातो. फीत, नारळ, काकासाहेब. मीही तपासणीला गेले होते.

डॉक्टरनं पहिलं नाव सुकेशनीचं पुकारलं. दवाखान्यातून तिच्या मोबाइलवर फोन गेला होता, तो तिच्या आईनं घेतला होता. ती आईच आली होती. एकटीच. म्हणाली, बुधवारी पहाटे ती कामावरून घरी आली, तेव्हा पोरगी खुर्चीत होती. उठलीच नाही.

तिची आई काट्याकडे बघत होती. मग मला विचारलं, "ह्यो कवा आला, ताई?"

"आज."