वर्षावासातला कप्तान

१० जुलै, आषाढी पौर्णिमा

आजपासून वर्षावास. तीन महिने रोज संध्याकाळी सात वाजता विहारात ग्रंथवाचन. अठ्ठावीस वर्षं आबा वाचत आले. यंदा त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. मोठ्याने वाचायला डॉक्टरांची सक्त मनाई. साधं बोलणंसुद्धा कमीत कमी, नाहीतर आवाज कायमचा जाईल म्हणाले. त्यामुळे वाचनाचा मान मुलाकडे, म्हणजे माझ्याकडे.

आबांनी विहारातला ग्रंथ माझ्या हातात दिला. कुठल्या दिवशी कुठे थांबायचं, त्या प्रत्येक जागी त्यांची पेन्सिलीची खूण आहे. हळू वाच, विलास, एवढंच कुजबुजले.

संकल्प : १) आजचा भाग आदल्या दिवशीच वाचून ठेवायचा. २) कोमट पाणी. ३) तीन महिने दुसरं काहीही वाचायचं नाही.

उपस्थिती चौतीस. आवाज छान लागला.

१६ जुलै, बुधवार

खोपोलीला कामावरून सुटल्यावर रद्दीवाल्याकडे सुतळीने बांधलेला गठ्ठा दिसला. सागरी साहसकथा, एकोणीस भाग. वरच्या चित्रात मोडलेली डोलकाठी आणि दातात सुरा धरलेला कप्तान. पुस्तकं अशी पावसात भिजताना बघवेना म्हणून उचलली. वाचणार नाही. ऑक्टोबरमध्ये बघू.

१७ जुलै

भाग १ चं पहिलं पान चाळलं. छपाई कशी आहे ते बघायला.

भाग १ संपला.

१९ जुलै, शनिवार

या लेखकाला अटक करायला हवी. प्रकरण तीन पानांचं आणि शेवटच्या ओळीत कोणीतरी पाण्यात पडतंच. पडलेल्याला तसंच बुडत ठेवून माणसाने जेवायचं कसं?

मी समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला. दोन्ही वेळा अलिबागला, दोन्ही वेळा गुडघ्यापर्यंत. जिल्ह्याला एवढा किनारा, आमच्या वाट्याला डोंगर आणि पळसदरीचं धरण. बावीस वर्षं स्टोअरमध्ये नट-बोल्ट देतोय. सुकाणू सांभाळा साहेब, असं मला आजवर कोणी म्हणालेलं नाही. कप्तानाला दर दहा पानांनी म्हणतात.

आजचा भाग आधी वाचून ठेवायचा राहिला. उद्यापासून नक्की.

२४ जुलै, गुरुवार

भाग ३. कप्तानाला चाच्यांनी फळीवर उभं केलंय, खाली शार्क, आणि पावणेसात वाजले. विहारात जावं लागलं. वाचताना सारखी ती फळी डोळ्यांपुढे. त्यामुळे दोन पानं एकदम उलटली गेली. मुद्दाम नाही.

कोणाच्याही लक्षात आलं नाही. फक्त मालनबाईने मान वर करून पाहिलं. ती सत्तरीची, अक्षरओळख नाही, समजणार काय? सुटल्यावर मात्र म्हणाली, कोन पाठी लागलंय का रं तुज्या?

घरी आबांनी नातीच्या, रियाच्या, जुन्या पाटीवर लिहून विचारलं, कुठवर? पान सांगितलं. आबांनी मान हलवली. बोटांवर काहीतरी मोजत बसले.

अपराधी वाटलं. पंचशील मीच सांगतो. खोटं बोलणार नाही हे चौथं शील सव्वासातला सगळ्यांकडून म्हणवून घेतो आणि साडेआठला घरात मोडतो. खरं तर खोटं बोललोच नाही. पान बरोबरच सांगितलं.

२ ऑगस्ट, शनिवार

एक शोध लागला. जुन्या पद्धतीचं संथ वाचन आता चालत नाही. लोकांना वेग हवा. कप्तानाच्या लेखकाकडून हे शिकण्यासारखं आहे. आज तीन खुणा ओलांडून थांबलो. बावीस मिनिटांत आटोपलं.

उपस्थिती एकोणीस. लावणीचे दिवस आहेत.

११ ऑगस्ट, सोमवार

काल सुट्टी, आज रजा. भाग ७ आणि ८. तब्येत बरी नाही असं कामावर कळवलं. मग खरंच डोकं दुखायला लागलं, म्हणजे तेही खोटं नव्हतं. घरात लपून वाचता येत नाही म्हणून दिवसभर धरणाच्या बांधावर छत्री धरून बसलो.

उपस्थिती बारा. सर्दीची साथ.

२० ऑगस्ट, बुधवार

घरच्या कटकटी. चहा पावडर महिन्याची वीस दिवसांत संपली. दिवसभर घरात माणसं दोन, बायको उज्वला आणि आबा. बोललो तिला. आबांची खडीसाखरेची डबीही रिकामी. ओटीवर चार चटया पसरलेल्या, त्यावर घरातला ग्रंथ, मधे लोकरीचा धागा घातलेला. आबा मनातल्या मनात वाचत असणार. बिचारे.

उज्वला म्हणाली, एक दिवस दुपारी घरी येऊन बघा म्हणजे कळेल. रजा शिल्लक नाही. शिवाय तेव्हा कप्तान तळघरात कोंडलेला होता, पाणी छातीपर्यंत आलं होतं. हो म्हटलं आणि पान उलटलं.

आबांची पाटी : कुठवर? सांगितलं. हल्ली रोज न चुकता विचारतात. मुलगा वाचतोय याचा आनंद, दुसरं काय. आज विहारात वाचलेली पानं मला स्वतःला आठवेनात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

उपस्थिती सात. टीव्हीवरच्या मालिका.

संकल्प : उद्यापासून एकही पान गाळायचं नाही. भाग १२ तेवढा संपू दे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

एक छोटी अडचण. ग्रंथ संपला.

वर्षावासाचे पंचवीस दिवस बाकी आणि माझ्या हातात शेवटचं पान. वाचून झाल्यावर ग्रंथ मिटला. पाच बायका माझ्याकडे बघत बसल्या. मालनबाई म्हणाली, झालं न्हवं? मंग आता तू येऊ नको. आमी आमचं बगतो.

किती समजूतदार माणसं! वाचकाला विश्रांती लागते हे त्यांना कळतं.

आबांची पाटी : कुठवर? मी पेन्सिलीच्या खुणेप्रमाणे आजचं जे पान असायला हवं होतं ते सांगितलं. हे मात्र खोटं होतं.

१३ सप्टेंबर

संध्याकाळी पावणेसातला पांढरा शर्ट घालून घरातून निघालो आणि पळसदरी स्टेशनच्या बाकावर जाऊन बसलो. आठला परत. वय वर्षं सत्तेचाळीस. भाग १४.

२२ सप्टेंबर, सोमवार

आबांना तपासणीला नेलं. घसा सुजलाय. डॉक्टर माझ्यावर उखडले. यांना एवढं बोलायला कोण लावतं? म्हणाले, आता ऐकलं नाहीत तर आवाज विसरा.

आबा बदलापूरच्या आत्याला फोन करत असणार. घरी येऊन उज्वलाला दम भरला, आबांच्या हातात फोन द्यायचा नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्टेशनवर अर्धा तास आधीच निघून गेलो.

भाग १६ ला मजा आली नाही. आबांचा घसाच डोळ्यांपुढे येत होता. भाग १७ बरा आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

भाग १९ संपला. शेवटची चाळीस पानं अर्ध्या तासात उडवली, राहवेना. जहाज किनाऱ्याला लागलं. बाकावर बसून उगाच रिकामं वाटलं.

परवा समारोप. वाचकाचा सत्कार असतो, शाल आणि पुष्पगुच्छ. चार शब्द बोलावे लागतील. मुद्दे काढले : जबाबदारी, सातत्य, वाचनातली गती.

७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा

लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो.

विहार भरलेला. सगळ्या बायका पांढऱ्या साड्यांत. सर्दीची साथ, लावणी, मालिका, सगळं एकदम संपलेलं. खिरीचं पातेलं आलं. आबांनाही धरून आणलं होतं. यंदाच्या वाचकाचा सत्कार, असं म्हणाल्याबरोबर मी शर्ट खाली ओढून अर्धा उठलो. मालनबाई शाल घेऊन माझ्या बाजूने पुढे गेली आणि ती आबांच्या खांद्यावर घातली.

मग बोलली. मी अडानी, पन अठ्ठावीस वर्सं ऐकलाय ग्रंथ. कुठं काय गाळलं ते मला पाठ हाय. ईलासनं रोज गाळायचं आनि दुसऱ्या दिशी दुपारी आमी दामूदादाच्या, ह्याच्या बापाच्या, ओटीवर जायाचं. दादा तेवढीच पानं वाचायचे. पोरानं कुठवर आणलंय ते त्यांना राती समजायचं. आनि तो मोकळा झाल्यावर पुडचं समदं दादांनीच पुरं केलं. आमी म्हनलो, दादा, घसा हाय, नका. तर म्हनायचे, पोराला बोलू नका, त्याचं पयलंच वरीस हाय.

चार चटया. चहा पावडर. खडीसाखर. आणि ती पाटी.

मी अर्धा उठलेला तसाच होतो. बसायचं की उभं राहायचं ते कळेना. आबांना दोन शब्द बोला म्हणाले. त्यांनी तोंड उघडलं, हवा आली, आवाज आला नाही. हसून हात जोडले. मला रडू आलं, सगळ्यांसमोर. मुद्द्यांचा कागद खिशात होता.

१२ ऑक्टोबर, रविवार

आबांनी महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही. आवाज परत येईल का, विचारलं. डॉक्टर म्हणाले, महिन्याने बघू.

माझ्यामुळे गेला. हे उज्वला बोलत नाही, रिया बोलत नाही. आबा तर बोलूच शकत नाहीत.

एकोणीस भाग पुन्हा सुतळीने बांधले, रद्दीत देणार म्हणून दारात ठेवले. आबांनी पाटी पुढे केली : कप्तानाचं काय झालं?

म्हणजे तेही माहीत होतं.

सांगितलं, जहाज किनाऱ्याला लागतं. आबांनी लिहिलं : कसं? वादळातनं ते कसं बाहेर आलं, मला आठवेना. कोण बुडालं, कोण तरलं, कशाचाच पत्ता नाही. ती पानं मीच उडवली होती. आबा वाट बघत बसले.

शेवटी सुतळी सोडली. भाग १ काढला आणि मोठ्याने वाचायला लागलो. दुसऱ्याच पानावर आबांनी हात वर केला. पाटीवर लिहिलं : हळू.

मग ती न पुसता तशीच मांडीवर उभी धरून बसले.