स्नेहलचा केस

४ जानेवारी १९९९, शिरवणे
आजपासून नोकरी! सरांची कॉलर धरून कॉलेज सोडलं तेव्हापासून घरात कुणी नीट बोलत नव्हतं. शेवटी गोटीरामकाकानंच काम लावलं. त्याच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर वैशाली मॅडमनी प्रयोगशाळा थाटलीय. काका म्हणाला, बाई आरशावर लाईट मारतं न दिसभर बगत बसतं, तू फकस्त डोका थंड ठेव.

आरसा तांदळाच्या कणीएवढा, धाग्याला टांगलेला. मॅडम म्हणाल्या, जगात स्थिर काहीच नसतं, हाही सारखा थरथरतो. एक लेसर ती थरथर मोजतो, दुसरा हलकेच ढकलून ती शमवतो. पार तळाशी गेलं तरी जी थोडी उरते, ती क्वांटम. ती कशानंच जात नाही. तीच त्यांना बघायचीय.

स्नेहल जुईनगर स्टेशनसमोर एसटीडी बूथवर बसते. तिला सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, तू आणि डोकं थंड?

११ जानेवारी
पुसताना माझ्या हातून धागा तुटला. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. माझ्या पाकिटात स्नेहलचा केस होता, तिच्या कंगव्यातून उचललेला. जीवावर आलं, पण आरसा टांगायला दिला. मॅडम खूश. म्हणाल्या, धाग्यापेक्षा केसच बरा. माझी स्नेहल सायन्सच्या कामी!

१४ जानेवारी
तिळगूळ द्यायला गेलो आणि भांडणच काढलं, गिऱ्हाइकाशी हसली म्हणून. एरवी तिनं रिसीव्हर फेकून मारला असता. आज नुसतं ‘बरं’ म्हणाली. हात गार. तिळगूळ मुठीत तसाच.

१९ जानेवारी
मॅडमनी दुसरा लेसर वाढवला. पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट. त्यांनी टाळ्या वाजवल्या.
बूथवर गेलो. फोन वाजत होता. स्नेहल बघत होती, उचलत नव्हती. तिची आई सुमित्राबाई म्हणाली, जेव म्हटलं की जेवते, ऊठ म्हटलं की उठते, बाकी काही नाही.

२० जानेवारी
मॅडम चहाला गेल्या. मी दुसरा लेसर बंद केला. रेघ उसळली. बूथवर फोन लावला. स्नेहल रडत होती, का ते तिलाच कळेना. मॅडम आल्या, लेसर चालू केला. तिकडचं रडणं मध्येच थांबलं.
मॅडमना सांगितलं. हसल्या. उद्यापासून तळ गाठायचा म्हणाल्या.

२१ जानेवारी
तिचा केस काढला. माझा लावला. मॅडमना कळलं नाही.

२२ जानेवारी
स्नेहल दारात आली. तिचा केस तिच्या हातात ठेवला, सगळं सांगितलं. केस चोरतोस, मेल्या, म्हणून कचकचून भांडली. पूर्वीसारखी. मला बरं वाटायला हवं होतं —

२३ जानेवारी
काकानं हाक मारली. ऐकू आली. उठायचं राहिलं.

लेसर वाढवलाय.

२५ जानेवारी
एक मुलगी आलीय. रडतेय. माझा हात धरलाय — तिचा गरम असावा. तिचं नाव वर कुठेतरी लिहिलंय —

मॅडम म्हणतात, पोचलो तळाशी. तिथेही हलतंय म्हणे.

हो. हलतंय. थोडंसं — काहीतरी — स्ने