डाव्या विंगेतून

प्रिय माया,

तुझा फोन आल्यापासून मी चिडलेली आहे, म्हणून लिहितेय. फोनवर नुसतं ‘बघते’ म्हणाले आणि ठेवून दिला. बोलत राहिले असते तर भांडण झालं असतं, आणि तुला सध्या भांडायलाही फुरसत नाही.

तुझा फोन आला त्याच रविवारी शेजारची मेघाली मला डोंबिवलीला नाटकाला घेऊन गेली. साठीतली दोघं पुन्हा भेटतात, निळा प्रकाश, मागे सतार. तो कविता म्हणतो, ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकते आणि पडदा. पुढच्या रांगेतल्या बायका नाक पुसत होत्या. मी म्हटलं, पडदा उघडा म्हणावं, आता ह्याच्या गोळ्या कोण देणार तेही दाखवा. मेघाली म्हणाली, “काकू, तुम्ही ना, मूडच घालवता!” घालवते. नाटकवाल्यांचं आणि कवींचं प्रेम नेहमी चादर बदलायच्या आधी संपतं. तू गेली तीन वर्षं रोज चादर बदलतेस. तुझ्यावर कुणी दोन ओळी लिहिल्या?

आपलं नाटक तरी काय वेगळं होतं? वागळे इस्टेटमधली आपली कंपनी, कामगारांची नाट्यस्पर्धा, कॅन्टीनमधली टेबलं सरकवून केलेल्या तालमी. तू अकाउंट्समधून उठून थेट नायिका झालीस. मी टेलिफोन ऑपरेटर. नाव रंभा आणि जागा विंगेत. दिग्दर्शक आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “पोरी, तुझ्या मराठीला चर्चच्या मेणबत्तीचा वास येतो.” बाबांनी कोळीवाड्यातून मला कॉन्व्हेंटात घातलं ते हे ऐकायला! पण वाचन पक्कं, म्हणून प्रॉम्प्टर केलं. प्रॉम्प्टरने पहिला शब्द द्यायचा, पुढचं नटाला आपसूक आठवतं. आपला नायक महेंद्र, त्याला कधीच आठवलं नाही. तिसऱ्या अंकात तो “तू नसतीस तर” म्हणायचा आणि मान किंचित डावीकडे, माझ्या विंगेकडे वळवून थांबायचा. प्रेक्षकांना वाटायचं, गळा दाटून आलाय. मग मी अख्खं वाक्य द्यायचे: तू नसतीस तर ही खाडी मला नुसतं पाणी वाटली असती. किती खोटं वाक्य! आम्ही खाडीकाठची माणसं. खाडी म्हणजे चिखल, ओहोटीचा वास आणि जाळ्याला लागलेलं कारखान्यांचं तेल. तरी ते वाक्य मी दर तालमीला, दर प्रयोगाला दिलं. हळू, नीट, घाई न करता. तो ते तुझ्याकडे बघून म्हणायचा. परीक्षकांनी लिहिलं, नायकाच्या स्वरात खरं प्रेम ऐकू येतं. कुणाचं, ते कुणी विचारलं नाही.

तुझ्या आणि महेंद्रच्या लग्नात मी पंगतीत वाढलं. शहाडच्या घराच्या वास्तुशांतीला आले, मग हळूहळू येणं सोडलं. तू कधी कारण विचारलं नाहीस. त्याबद्दल मी तुझी आभारी आहे, आणि थोडी रागावलेलीही.

आता तू सांगतेस, तो तुला ओळखत नाही, ‘अहो बाई’ म्हणतो. संध्याकाळी उठून उभा राहतो, “तू नसतीस तर” म्हणतो आणि मान वळवून ताटकळतो. तुला वाटलं, त्याला बाहेर जायचंय; तू दाराला आतून कुलूप घातलंस. मग कधीतरी तुझ्या ध्यानात आलं, तो कुठे बघतोय ते. पुढचं वाक्य तुला येत नाही. तुला तुझी वाक्यं पाठ, त्याची नाहीत. आणि पुढचं आलं नाही की तो लहान मुलासारखा रडतो. “रंभे, एकदा येशील का गं?” म्हणालीस. हे विचारताना तुझा आवाज कापला, म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून. मी चिडले ती ह्यामुळे.

पुढच्या गुरुवारी येते. त्याच्या डाव्या हाताला, स्वयंपाकघराच्या पडद्यामागे एक स्टूल ठेव. तिथला दिवा लावू नकोस. मी आल्याचं त्याला सांगू नकोस, चहाही तो झोपल्यावर. तू केस नीट विंचर आणि त्याच्यासमोर उभी राहा, त्याला दिसशील अशी. वाक्य मी देईन, अख्खं. तो तुलाच म्हणेल.

तुझीच,
रंभा